पेचकसाचं टोक

दाजी, पेचकसाचं टोक कुणीकडं होतं?

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. माणसं भेटतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, मी मान हलवतो. पण डोक्यात हा एकच प्रश्न असतो आणि तो कुणाला विचारावा ते कळत नाही. ज्याला विचारायचा तो माणूस एकच होता. म्हणून हे लिहायला घेतलंय. कडुलिंबाच्या टेबलाशीच बसलोय. कागदाखाली पुठ्ठा ठेवलाय. नाही ठेवला तर पेन तुमच्या करवतीच्या साखळीच्या खुणांवर कसं अडखळतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आधी त्या दिवसाचं सांगतो, कारण चूक त्या दिवशी झाली.

मी पालमला कॉलेजच्या ऑफिसात होतो. आक्काचा फोन आला. "सुनील, ये," एवढंच म्हणाली. मिळेल ती गाडी धरून गंगाखेडला पोचलो, तोवर तुम्हाला उचलून घरात घेतलं होतं. बाहेर पत्र्याच्या शेडात तुमची चादर तशीच पसरलेली होती. तीच, निळ्या चौकड्यांची, तेलानं कडक झालेली. मधोमध म्हातारी, तुमची ती जुनी करवत मशीन, अर्धी उघडी होती आणि शेजारी तिचे नग ओळीनं मांडलेले. बाजूला चहाचा कप, त्यावर साय धरलेली. तुम्ही तिथंच, चादरीसमोर बसल्या जागी कलंडला होता, असं नंतर कळलं.

माणसं यायला लागली होती. बसायला जागा नव्हती. कुणीतरी सतरंजी काखेत धरून उभं होतं. ते म्हणालं, "ह्यो पसारा उचला बरं जरा." आणि मी उचलला. म्हातारी उचलून बाजूला ठेवली, चादरीची चार टोकं धरली आणि बाकी सगळं घमेल्यात ओतलं. नग, नट, स्क्रू, पेचकस, सगळं एकदम. त्याचा जो आवाज झाला तो अजून कानात आहे.

पसारा म्हणणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला तो पसाराच दिसणार. पण सगळ्या गंगाखेडात ती ओळ वाचता येणारा तुमच्यानंतर मी एकटा होतो, आणि मीच ती न वाचता मोडली.

ओळीचा कायदा तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. बी.ए.ला नाव घालून मी तुमच्याकडं राहायला आलो तेव्हा. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. बापानं मला आणि एका पिशवीला तुमच्या दारात सोडलं आणि "बघा बरं," म्हणून तो परतीच्या गाडीला गेला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मेव्हणेसायेब, चपला तिकडं काढा. ह्या चादरीवर पाय पडला तर डिग्री भेटायची न्हाई."

तुमच्यापुढं झाडं कापायची पेट्रोलची करवत मशीन होती. मी तोवर लाकूड कुऱ्हाडीनंच तोडताना पाहिलं होतं. तुम्ही एकेक नग काढत होता, पुसत होता आणि डावीकडून उजवीकडं मांडत होता.

"आधी निघालेलं डावीकडं," तुम्ही म्हणालात. "लावताना उजवीकडून उलटं यायचं. मधी कुणी हाक मारली, उठावं लागलं, तर पेचकस वळीच्या शेवटाला ठिवायचा. टोक दाराकडं असलं की उघडायलाव. टोक मशीनकडं असलं की लावायलाव. वापस आल्यावर डोकं खाजवीत बसायचं काम न्हाई."

"मग लिहून का ठेवत नाही?" मी विचारलं. नवीन नवीन कॉलेजचा होतो.

"लिवलेलं वाचाया चष्मा लागतोय. पेचकस लांबून दिसतोय."

तीन वर्षं मी त्या घरात राहिलो. आक्काच्या हातचं खाल्लं. तुम्ही मला कधी पाहुण्यासारखं वागवलं नाही, म्हणजे काम लावलं. साखळीला धार लावायची गोल कानस तुम्ही माझ्या हातात दिली आणि प्रत्येक दाताला मोजून तेवढेच हात मारायला शिकवलं. एक जास्त झाला तरी करवत वाकडी पळते म्हणायचात. परीक्षेच्या दिवसांत मात्र शेडात पाऊल टाकू द्यायचा नाहीत. मी जमिनीवर बसून वाचतो म्हणून एका वादळात पडलेल्या कडुलिंबाचा बुंधा तुम्ही म्हातारीनंच चिरला आणि हा टेबल केला. वरून रंधा मारायचा राहून गेला. "पास झाल्यावर मारू," म्हणालात. पास झालो, डिग्री आली. तुम्ही हात दोनदा धुऊन ती धरली, उलटीसुलटी करून पाहिली आणि नव्या पॅकिंगला गुंडाळता तसल्या प्लास्टिकात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. रंधा राहिलाच.

म्हातारी तुम्हाला कशी भेटली हे मी कितीदा ऐकलं असेल. तुमच्या लेकीच्या सासरी, सेलूला, एक जुनं जिनिंग बंद पडलं होतं. त्याच्या भंगारात ती कापसाच्या कोंड्यात गाडलेली होती. कुणाला वाटलं पंप आहे, कुणाला वाटलं फवारणीची मशीन. तुम्ही दोरी ओढून पाहिली, आतला पिस्टन हलला, आणि तुम्ही तिला लेकरासारखी मांडीवर घेऊन एस.टी.नं गंगाखेडला आणलीत. घासल्यावर आतून हिरवा रंग निघाला आणि परदेशातलं एक नाव. ते वाचायला तुम्ही मला बोलावलंत. मी मोबाईलवर शोधलं तर त्या मशीनचा जुना नकाशा सापडला. सगळे नग हवेत सुटे सुटे, ज्या क्रमानं बसतात त्याच क्रमानं एका रेषेत काढलेले, आणि प्रत्येकाला आकडा. मी त्याची छापील प्रत आणली. तुम्ही ती बराच वेळ पाहिली.

"ह्या माणसानं माझी चादर पाहिली का काय रे?"

मग मी एकेका आकड्याचं इंग्रजी नाव वाचत गेलो आणि तुम्ही तुमचं नाव सांगत गेलात. कॉलेजात इंग्रजी मला घाबरवायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ते कुणाच्या तरी कामाला आलं. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. तो कागद अजून शेडाच्या पत्र्याला चिकटवलेला आहे, तुमच्या बोटांच्या ठशांसकट.

म्हातारी चालली की मात्र तिच्यासारखी तीच. नव्या हलक्या मशीनी रडक्या आवाजात किरकिरतात, ही घशातून बोलायची. तिला साखळीवर तेल आपोआप जात नाही. मुठीजवळचं बटण अंगठ्यानं दाबत राहावं लागतं. रस्त्यावर बाभळ आडवी पडली, गाड्या थांबल्या, की लोक तुम्हाला फोन करायचे. तुम्ही पाय रोवून उभे राहायचात, आणि मी बाजूला उभा राहून फक्त तुमचा अंगठा पाहायचो. दाब, सोड, दाब, सोड. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की तुम्ही थांबायचात, माझ्याकडं बघून म्हणायचात, "धार कोणी लावली रे ही? मास्तरनं लावल्यावानी झाली."

शेवटच्या आंघोळीला तुमचा उजवा अंगठा मी साबणानं घासला. पुन्हा घासला. रेघांतलं काळं निघालं नाही. कुणीतरी माझा हात धरून म्हणालं, ऱ्हाऊ दे.

आता भांडणाचं लिहितो. ते टाळून पुढं जाता येणार नाही.

म्हातारीचं दुखणं तिच्या कार्बोरेटरात होतं. त्याच्या आतला रबरी पडदा फाटायचा, आणि त्या मापाचा पडदा आता कुठं होत नाही. तुम्ही स्कूटरच्या पडद्यातून कापून बसवला, फवारणी पंपाच्या रबरातून बसवला, एकदा तर दवाखान्यातल्या हातमोज्यातून. प्रत्येक वेळी चार दिवस चालायची आणि पुन्हा दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ. मग कार्बोरेटरच चिरला. आपण तो घेऊन हैदराबादला गेलो. ती फेरी आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग काय येतं ते सांगता येत नाही.

आक्कानं दोन सारखे स्टीलचे डबे दिले होते. एकात भाकरी, एकात फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर. निघायच्या गडबडीत आपण एकच डबा उचलला. जुन्या इंजिनांचं सामान विकणाऱ्या इस्माईलभाईंच्या दुकानात तुम्ही मोठ्या ऐटीत तो काउंटरवर ठेवला आणि म्हणालात, "इसका जोड चाहिए." इस्माईलभाईंनी झाकण उघडलं. दोन भाकरी आणि ठेचा. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "इसका जेट किधर है?"

मग आपण तिघांनी काउंटरवरच भाकरी खाल्ली. आणि तुम्ही एका पुठ्ठ्यावर, कार्बोरेटर समोर नसताना, तो जसाच्या तसा काढलात. भोकं, पेट्रोलचं जेट, नळी, स्क्रू, मापासकट. इस्माईलभाईंनी पुठ्ठा खिळ्याला टांगला. "मिलेगा," म्हणाले. "टाइम लगेगा."

टाइम लागला. वर्ष गेलं. मधल्या काळात तुम्हाला दम लागायला लागला. डॉक्टरनं छाती तपासून जोराचं काम बंद करायला सांगितलं. तुम्ही झाडं कापायची थांबवली, पण तोच चिरलेला कार्बोरेटर डाख देऊन, ठिगळ लावून म्हातारीवर बसवायचात आणि दोरी ओढत बसायचात. मी एका रविवारी आलो तर तुम्ही शेडात भिंतीला टेकून बसला होता. शर्ट ओला. दोरीची मूठ हातातच.

मी त्या आधीच मोबाईलवरून एक नवा कार्बोरेटर मागवला होता. त्या मशीनचा नव्हे, पण मापं जुळवून. तो खोका तुमच्यापुढं ठेवला.

तुम्ही खोका फिरवून पाहिला. "ह्यो तिचा न्हाई."

"तिचा नाही, पण बसतो. दोन ओढीत चालू होईल."

"तिचाच भेटंल. इस्माईलभाई म्हनलेत."

"वर्ष झालं त्यांना म्हणून!"

"मंग? कापाय काय जंगल ऱ्हाईलंय? ऊन लागायलंय तिला बसून बसून?"

"तुम्हाला लागायलंय," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "दोरी ओढता ओढता जाताल एक दिवस तुमी. त्या भंगारापायी."

तुम्ही हसलात. "मंग तू हायस की वडाया."

मी चहा न घेता निघालो. पुढचे दोन रविवार आलो नाही. आक्काला फोन करून तब्येत विचारायचो, तुम्हाला फोन द्या म्हणालो नाही. तिसऱ्या आठवड्यात "सुनील, ये."

घमेलं मी चौथ्या दिवशी पाहिलं. त्यात माझा कार्बोरेटर होता. खोक्यातून काढलेला. मी तो नाकाशी धरला. पेट्रोलचा वास. पॅकिंगवर नट आवळल्याच्या दोन खुणा. चिरलेला जुना वर फळीवर, त्याच्या स्टीलच्या डब्यात. म्हणजे तुम्ही माझा आणलेला बसवला होता. त्यातून पेट्रोल गेलं होतं. आणि त्या सकाळी तो म्हातारीच्या बाहेर, चादरीवर होता.

इथून पुढं मला काही कळत नाही.

तुम्ही तो बसवून पाहिला, चालला नाही, दोरी ओढत राहिलात, शेवटी वैतागून काढायला घेतला? तसं असेल तर त्या सकाळच्या ओढी माझ्या नगानं ओढायला लावल्या. का तो आधीच बसवून पाहिला होता, चालला होता, आणि त्या दिवशी मशीन नीट पुसून पक्का बसवायला घेतला होता? तसं असेल तर तुम्ही माझं ऐकलं होतं, आणि मी आलो असतो तर मला दाखवलं असतं. उघडत होता का लावत होता? पेचकस एवढंच सांगत होता. तो वाचायला एक क्षण पुरला असता. मी चादरीजवळ वाकलो, टोकं धरली, म्हणजे माझी नजर त्याच्यावरून गेलीच असणार. डोळे मिटून मी किती वेळा ती चादर आठवली. कधी टोक दाराकडं दिसतं, कधी मशीनकडं. कधी पेचकस दिसतच नाही.

शेजारच्या कमळबाईंना विचारलं. "वाजली की," त्या म्हणाल्या. "म्या भाकरी टाकायले व्हते. लय येळ वाजली मशीन." मला एवढं हलकं वाटलं की मी त्यांच्या ओट्यावरच बसलो. जलदानविधीच्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "आता मशीन वाजली का समोरची गिरणी, कसं सांगू बाप्पा? दोन्ही फटफटच करतेत."

आक्काला तीनदा विचारलं. पेचकस पाहिलास का? त्यांनी दोरी ओढली का? तिन्ही वेळा ती एवढंच म्हणाली, "मी नळावर व्हते."

मग इस्माईलभाईंचा फोन आला, तुमच्या मोबाईलवर. आक्कानं हिंदी म्हणून माझ्या हातात दिला. "भाई कू फोन देव," ते म्हणाले. मी सांगितलं.

"अरे, अब्बी तो बात हुई थी मेरी," ते म्हणाले. "मैं बोला, वो पुठ्ठे पे बनाए थे ना, वैसाच मिल गया, भेजूं क्या? तो बोले, अब्बी नक्को. साला एक लाके दिया है, पैले उसकू देखतूं."

"कसं म्हणाले? मतलब, गुस्से में बोले क्या?"

"गुस्सा?" इस्माईलभाई आठवत राहिले. "नईं. हंसे. लेकिन हंसते तो वो हमेशा थे ना."

खरं आहे. तुम्ही रागावलात तरी हसायचात. माझ्यावर तर जास्तच.

त्यांनी तो नग पाठवतो म्हणून सांगितलं. मी नको म्हणालो, आता काय उपयोग. ते म्हणाले, "उनकी अमानत है, मैं रख के क्या करूं?"

विधी झाल्यावर आक्का म्हणाली, "ती मशीन जशी व्हती तशी कर. एकदा चालू करून दाव. मंग कुणाला द्यायची ती दे." मी तीन रविवार बसलो. पत्र्यावरचा नकाशा खाली घेतला, चादर धुऊ न देता पसरली आणि घमेल्यातला एकेक नग त्याच्या जागेवर मांडला. स्क्रूंनी जीव खाल्ला. दिसायला सारखे, पण एक जरा लांब, एक जरा आखूड, आणि लांब स्क्रू आखूडच्या भोकात आवळला तर आत जाऊन इंजिनाचं घरच फोडतो, हे तुम्हीच सांगितलेलं. ओळ असती तर हे कोडंच नव्हतं. काडी घालून प्रत्येक भोकाची खोली मोजली. कार्बोरेटर माझाच लावला, कारण दुसरा नव्हता.

चौथ्या ओढीला म्हातारी बोलली. तोच घशातला आवाज. पत्रा थरथरला, कमळबाई ओट्यावर आल्या. मी नकळत अंगठ्यानं तेलाचं बटण दाबत होतो, समोर लाकूड नसताना. आक्का उंबऱ्यात उभी होती, तोंडाला पदर लावून. थोड्या वेळानं म्हणाली, "बास. बंद कर."

चौथ्या ओढीला. म्हणजे नग चांगला होता. पण तुमच्या हातात तो चौथ्या ओढीला चालला का चाळिसाव्या, हे माझ्या ओढीवरून कसं ठरणार? त्यावरचा बारीक स्क्रू तुम्ही किती फेरे उघडा ठेवला होता ते घमेल्यात ओतताना गेलं. मला वाटलं होतं मशीन चालू झाली की मनातलं शांत होईल. उलट तिचा आवाज ऐकून मला भलतंच रडू आलं, आणि मी ते धुरामुळं म्हणून खपवलं.

इथवर लिहून कागद बाजूला ठेवले होते. शेवट कसा करावा सुचत नव्हतं. मधे एक रविवार गेला. आता त्या रविवारचं लिहितो.

इस्माईलभाईंचं पार्सल आलं होतं. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला कार्बोरेटर, आणि सोबत तुमचा पुठ्ठा. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. एका भोकाचासुद्धा फरक नव्हता. मला राहवलं नाही. तो म्हातारीवर कसा बसतो ते पाहायचंच होतं. चादर पसरली, झाकण काढलं, फिल्टर काढला, ओळ मांडत गेलो. माझा कार्बोरेटर काढून ओळीत ठेवला. तहान लागली म्हणून पेचकस ओळीच्या शेवटाला ठेवून उठलो. टोक दाराकडं.

पाणी पिऊन वळलो आणि लांबूनच ती चादर दिसली. मशीन अर्धी उघडी, माझा कार्बोरेटर बाहेर, पेचकस दाराकडं तोंड करून. आत्ता कुणी आलं असतं आणि त्याला ओळ वाचता आली असती, तर तो म्हणाला असता, सुनीलला हा नग पटला नाही. आणि ते खरं नव्हतं. मशीन चांगली चालत होती. मी ती फक्त बघायला म्हणून उघडली होती. तुम्हीच म्हणायचात, जी उघडता येती ती मशीन, बाकी नुसता डबा. म्हणजे त्या दिवशी मी टोक पाहिलं असतं, ते दाराकडं असतं, तरी मला काय कळलं असतं? मी तिथंच ग्लास धरून उभा राहिलो.

"कुठवर आलं?" आक्कानं आतून विचारलं. तुम्हाला विचारायची त्याच आवाजात. मग बाहेर आली. "उघडायलास का लावायलास?"

"आक्का, मलाच कळंना झालंय."

दीड महिन्यात ती पहिल्यांदा हसली. "त्यांचंबी असंच व्हतं."

"त्यांचं कसं असंल? ते तर पेचकस ठेवायचे."

"ठिवायचे. आन् मंग पेचकसावर इस्वास न्हाई." ती चादरीच्या कडेला बसली. "मला हाक मारायचे. अगं, मी उघडायलो व्हतो का लावायलो? आता मी गॅसपशी, मला काय कळतंय? मी म्हनायची, लावा. मंग लावायचे."

तिनं ओळीतला एक नट उचलला, बोटात फिरवला आणि होता तिथंच ठेवला.

"त्या दिशीबी मारली असंल हाक," ती म्हणाली. "पानी सुटलं व्हतं. मी नळावर व्हते."

तिन्ही वेळा तिनं मला हेच उत्तर दिलं होतं. मी प्रत्येक वेळी पुढं पेचकसाचंच विचारलं होतं.

आक्कानं पेचकस उचलला. पदरानं पुसला. थोडा वेळ तसाच हातात धरला आणि मग चादरीवर ठेवला, टोक म्हातारीकडं करून.

"लाव," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

माझ्यापुढं दोन कार्बोरेटर होते, दाजी. कोणता ते तिनं सांगितलं नाही, आणि या वेळी मीही विचारलं नाही.